आपण कालही जेवला होतात

अण्णा, तुमचं तोंड आता टी-शर्टावर छापून मिळतं. काळ्या कापडावर पांढऱ्या रेघांनी, मिशीसकट, आणि खाली ते वाक्य: ‘आपण कालही जेवला होतात!’ लहान, मोठा आणि फार मोठा अशा सगळ्या मापांत. ही बातमी नाही, तक्रार आहे. तुम्हाला जाऊन वीसएक वर्षं झाली आणि माझी तक्रार मधे न बोलता ऐकून घेणारं तेव्हापासून घरात कुणी उरलेलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही उत्तर द्यायचा नाहीतच. नुसतं बरं-बरं अशा सुरात ‘सरी, सरी’ म्हणून पेपर उलटायचात. त्यामुळे आत्ताही माझं फारसं अडत नाही.

हो, तोच सिनेमा. तुमचा पहिला आणि शेवटचा. ज्याचं नाव निघालं की आई उठून पुसलेला ओटा परत पुसायला लागायची, तो. आता तो लाडका झालाय. सगळ्या महाराष्ट्राचा नाही, महाराष्ट्राला अजूनही तो माहीत नाही. पुण्या-मुंबई-नागपूरहून इथं बेंगळुरात आयटीत आलेल्या पोरांचा. कुणीतरी एका झिजलेल्या कॅसेटवरून उतरवून तो इंटरनेटवर टाकला आणि मारतहळ्ळीपासून महादेवपुऱ्यापर्यंत तो कांजिण्यांसारखा पसरला. ही पोरं कँटीनमध्ये एकमेकांच्या ताटाकडे बघून म्हणतात, आपण कालही जेवला होतात. साहेबानं लागोपाठ दुसऱ्या दिवशी मीटिंग लावली की खाली लिहितात, आपण कालही जेवला होतात. एका बहाद्दरानं स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेवर हे छापलं. आहेर आणू नये, त्याच्या वर.

त्यांना माझा पत्ता लागला तो माझ्याच तोंडाळपणामुळे. एका दिवाळी अंकात मी आपल्या बेंगळुरी मराठी मंडळींची थट्टा करत होते आणि जाता जाता लिहून गेले, की माझे वडील एका विनोदी सिनेमात होते आणि तो पाहून एकही माणूस हसला नाही. झालं. पुण्याच्या एका मुलीचा फोन.

“मॅम, तुम्ही काकांची मुलगी?”

“कुठले काका?”

“अहो, काका! पंगतवाले काका! ओ माय गॉड. मॅम, ॲक्चुअली आम्ही सगळे ऑब्सेस्ड आहोत. तो पिक्चर इतका वाईट आहे ना!”

“मग बघता कशाला?”

“म्हणूनच तर!”

त्या ‘म्हणूनच तर’वर मी दोन दिवस धुमसत होते. अण्णा, मी विनोदावर पोट भरणारी बाई, मला थट्टेचं वावडं नाही. पण चांगलं आहे म्हणून आवडतं हे मला समजतं, वाईट आहे म्हणून आवडत नाही हेही समजतं. वाईट आहे म्हणून आवडतं, ही श्रीमंती कुठून आली? तुम्ही कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसणारे, दुसऱ्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा लिहिणारे, साठवून ठेवलेली सगळी रजा त्या शूटिंगला घातलीत. ती काही वाईट काम करायला नव्हे. तुम्हाला ते काम चांगलं करायचं होतं. आणि ते तुम्ही चांगलं केलं होतंत, हे मी सांगते, कारण त्याच्या सगळ्या तालमी आपल्या स्वयंपाकघरात झाल्या.

तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात. खांद्यावर टॉवेल आहे, तो उपरणं म्हणून. आई पाटावर आम्हाला वाढतेय, आणि तुम्ही माझ्याकडे बोट करून डोळे बारीक करता आणि म्हणता, “अय्यो, तुम्ही काल पण जेवून गेलात की हो!” मी खिदळते. आई पळीतलं सारू तसंच धरून तुमच्याकडे न बघता म्हणते, “गेली हो. इथंच जेवली. आणि उद्या पण जेवणार आहे. तुम्ही बसताय का मी झाकून ठेवू?” तुम्ही परत बाहेर जाता, परत आत येता. आता आवाज खाली आणून, हळू, कानात गुपित सांगितल्यासारखं. आता एकदम ओरडून. तेच वाक्य किती परींनी म्हणालात त्याची मोजदाद नाही. एकदा आईसुद्धा हसली आणि सारू माझ्या पाटावर सांडलं. आई सहसा हसत नसे, तुमच्या विनोदाला तर मुळीच नाही. म्हणजे बघा.

सिनेमा मुंबईचा होता, पण निर्मात्याच्या सासऱ्याचं इथं लग्नाचं छत्र होतं, मुंबईवाले ज्याला कार्यालय म्हणतात ते, फुकटात मिळणारं. म्हणून सगळं युनिट इकडे आलं आणि स्वतःचं धोतर स्वतः आणतील अशी माणसं त्यांनी आपल्या मराठी मंडळातून उचलली. गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण ती आता ज्या रीतीनं सांगितली जाते ती तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. एक बेकार तरुण रोज कुठल्यातरी परक्या लग्नात शिरून जेवतो. तुम्ही नवरीचे काका, पंगतीच्या दाराशी पहाऱ्याला उभे. तुम्ही त्याला ओळखता आणि म्हणता, आपण कालही जेवला होतात. बरोबर? आता या पोरांनी असा सिद्धांत मांडलाय, की काल तर दुसऱ्याच कुणाचं लग्न होतं, मग काका काल तिथं काय करत होते? म्हणजे काका स्वतःच फुकटे! मुलीचे काका-बिका कुणी नव्हेत, नुसते जेवायला आलेले, आणि दारात उभं राहून दुसऱ्याला हाकलण्याचा त्यांचा धंदा! यावर त्यांच्यात दोन तट आहेत आणि रात्र-रात्र वाद चालतो म्हणे. अण्णा, तुम्ही कुणाच्या घरी पाणीसुद्धा दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय घेत नव्हतात. मला संताप आला. मग असंही वाटलं की हे त्या लिहिणाऱ्याला सुचलं असतं तर सिनेमा चालला असता. त्याचा आणखी संताप आला.

तर त्या पोरांनी मला बोलावलं. महादेवपुऱ्यातल्या एका सोसायटीच्या क्लब हाउसात शनिवारी दुपारी ते सगळे मिळून सिनेमा बघणार होते, आणि नंतर मी चार शब्द बोलायचे. मी होकार दिला तो प्रेमापोटी नव्हे. मला एक गोष्ट त्यांच्या तोंडावर सांगायची होती. त्यांच्यात काकांच्या आवाजाची स्पर्धा असते, हुबेहूब बोलेल त्याला कप. पुण्याची मुलगी फोनवर मोठ्या कौतुकानं म्हणाली, “मॅम, तो आवाज! खर्जातला, भरदार! काका घरी पण असंच बोलायचे का?” तेव्हाच ठरवलं. तो आवाज तुमचा नाही, हे मला सांगायचं होतं. एवढंच. मग भले त्यांचा लाडका सिनेमा त्यांना नासला तरी चालेल.

तो रविवार आठवत असेल तर माझ्यापेक्षा तुम्हालाच. मंडळानं सकाळचा खेळ ठेवला होता, थिएटर भाड्यानं घेऊन. तुम्ही कोट घातला होता. बेंगळुरात कोटाची थंडी नव्हती. मी तुमच्या डाव्या हाताला, आई पलीकडे. पहिल्या दोन प्रसंगांत तुम्ही नव्हतात, आणि तरी तुमचं बोट माझ्या खुर्चीच्या हातावर ठेका धरत होतं. मग पंगत आली. दारात तुम्ही. सगळ्या मंडळानं टाळ्या वाजवल्या. तुम्ही पडद्यावर तोंड उघडलंत आणि त्यातून एक भलताच माणूस बोलला. जाड, घोटीव, पुण्याच्या शाळेत घासूनपुसून ठेवलेला आवाज: “आपण कालही जेवला होतात.” तुमचा ‘अय्यो’ नाही, ‘की हो’ नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, हा कोण बोलतोय?” मग शांतता. कुणी हसेना. हसावं तरी कुणाला, हेच लोकांना कळेना. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पडद्याकडे बघत होतात, अगदी सरळ, जसं रांगेत पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघतात. तुमचं बोट थांबलं होतं. त्यांनी तुम्हाला सांगितलंसुद्धा नव्हतं, अण्णा. एक कार्ड टाकलं असतं तरी चाललं असतं.

बाहेर आल्यावर मंडळाचे सेक्रेटरी तुमच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “बरं झालं हो. भाषा तरी शुद्ध झाली.” त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. ते वारले तेव्हा मंडळानं शोकसभा घेतली. मी गेले, चहा घेतला आणि श्रद्धांजलीचा एकही शब्द बोलले नाही. तुम्ही मात्र त्या दिवशी त्यांना हसून म्हणालात, “फोटो बरा आलाय की.” एवढंच. घरीही एवढंच. पुढच्या गणपतीत मंडळाच्या नाटकात तुम्ही काम घेतलं नाहीत. तुम्ही प्रॉम्प्टर झालात. मग कायमचेच झालात. विंगेत स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या तोंडात त्यांचे शब्द हलकेच सरकवून द्यायचे, पहिल्या रांगेतल्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या बेतानं. लोक म्हणायचे, असा प्रॉम्प्टर मिळणार नाही. मला ते ऐकून कुणाला तरी चावावंसं वाटायचं.

असो. शनिवारी मी मेट्रोनं के. आर. पुरमला उतरले आणि तिथून रिक्षा केली. भाषण डोक्यात तयार होतं. त्यात सिनेमावाले होते, शुद्ध भाषेचे पहारेकरी होते, आणि वाईट ते गोड मानून खाणारी ही नवी पिढी होती. टाळ्या मिळणार नव्हत्या आणि मला त्या नको होत्या.

क्लब हाउसच्या दारात एक नागपूरचा मुलगा उभा. खांद्यावर उपरणं, खोटी मिशी. आत जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवतोय, आपण कालही जेवला होतात, आणि प्रत्येकानं म्हणायचं, “छे हो, मी नवऱ्या मुलाकडचा!” मगच आत सोडायचं. ही त्यांची रीत. मला बघून त्याची मिशी घसरली.

“मॅडम, तुम्ही! या ना बाप्पा. तुम्हाले काय विचारायचं?”

“विचार की,” मी म्हटलं. “नियम तो नियम.”

त्यानं आवाज खर्जात नेला, छाती फुगवली आणि विचारलं. चांगला करत होता. कप बहुधा यालाच मिळत असावा. मी म्हटलं, “मी नवरीकडची,” आणि आत गेले. मागे तो कुणाला तरी म्हणाला, “काय भारी आन्सर दिलं बे!”

आत पोरंपोरी खुर्च्यांच्या रांगांत. निम्म्यांच्या छातीवर तुम्ही. सिनेमा सुरू झाला आणि मला कळलं की हे लोक सिनेमा बघत नाहीत, सिनेमाबरोबर बोलतात. नायकाच्या आधी त्याचं वाक्य. मायक्रोफोनची सावली भिंतीवर पडली की सगळे मिळून “नमस्कार!” नायिकेची साडी एकाच प्रसंगात निळ्याची हिरवी होते तिथं बायकांचा एकच गलका, “अगंबाई, कुठून घेतलीस?” हे सगळं प्रेमानं चाललं होतं, हे मला दिसत होतं. आणि ते दिसत असल्यामुळेच मी जास्त चिडत होते. नुसती टवाळी असती तर मी दोन मिनिटांत तिची भाजी केली असती.

मग पंगत. दारात तुम्ही. अण्णा, किती लहान होतात तुम्ही! आज मी आहे त्यापेक्षा लहान. तुमचं वाक्य त्यांनी एका सुरात म्हटलं, छत हललं. मी हाताची घडी घालून बसले. पुढे कॅमेरा लांब जातो आणि सगळं छत्र दिसतं. पानं मांडलेली, वाढपी धावताहेत, गलका चाललाय, तुम्ही दाराशी लहानसे उभे. आणि अचानक हॉलमधले सगळेच्या सगळे उठून उभे राहिले. शेजारची पुण्याची मुलगी माझ्या दंडाला धरून म्हणाली, “मॅम, उठा उठा, आता येतंय!”

“काय येतंय?”

आणि त्या गलक्यातून, अगदी मागून, एक पातळ, नाकातला, किंचित चिरका आवाज आला: “ए पुट्टी, स्वल्प सरक की गं! माझं तोंड झाकतंय!”

“स्वल्प सरक की गं!” सगळा हॉल ओरडला आणि सगळे एकदम एकेक खुर्ची डावीकडे सरकले. टोकाचे धडपडत दुसऱ्या टोकाला धावले. कुणी कुणाच्या मांडीवर बसलं, हशा, शिट्ट्या. मी जागची हलले नाही. ती मुलगी हसत मला ढोसत होती, “मॅम, सरका ना! ही आमची रीत आहे. हा आवाज चुकून राहिलाय. क्रूमधला कुणीतरी लोकल माणूस ओरडला वाटतं. गर्दीचा आवाज वेगळा भरायला त्यांच्याकडे पैसे नव्हते, म्हणून या एका शॉटला जागेवरचाच ठेवला. पिक्चरमधली सगळ्यात बेस्ट चूक!”

मी सरकले. काय करणार? दुसऱ्यांदा सांगितलं होतंत.

त्या दिवशी मी, तुमची पुट्टी, शाळेतून थेट छत्रात आले होते, तुमचा डबा घेऊन. पंगतीचा भात तीन दिवसांचा शिळा, त्यावर माशा, उदबत्त्या लावून वास दडवलेला, त्यातलं कुणी खाऊ नये म्हणून आईनं चित्रान्न दिलं होतं. मी खांबापाशी उभी राहून बघत होते, डबा पोटाशी धरून. कॅमेरा चालू झालेला मला कळला नव्हता. तुम्ही ओठ न हलवता ओरडलात, मिशीच्या आतून, आणि मी घाबरून उडी मारून बाजूला झाले. पडद्यावर ती उडी नाही. डाव्या कडेला एक वेणी येते, लाल रिबिनीची, आणि झटक्यात निघून जाते. तेवढीच मी त्या सिनेमात आहे.

पण अण्णा, मला हादरवलं ते हे नव्हे. तो आवाज. इतकी वर्षं तुम्ही मला काही म्हणालेलं आठवलं, की ते मला एका भरदार, खर्जातल्या आवाजात ऐकू येई. ‘अभ्यास झाला का’, ‘दार लाव नीट’, सगळं खर्जात. लोकांनाही मी तसंच सांगत आले, माझ्या वडिलांचा आवाज काय होता! आणि तो खर्ज त्या भाडोत्री माणसाचा होता, जो तुमचा नाही म्हणून सांगायला मी तिथं आले होते. त्यांनी तुमचं तोंड ठेवून तुमचा आवाज काढून घेतला तो फक्त पडद्यावरून नव्हे. माझ्या डोक्यातूनही काढला, आणि तिथं आपला माणूस बसवला, आणि मला पत्ता नाही. तुमचा आवाज पातळ होता. चिरका होता. कारखान्याच्या भोंग्यापेक्षा वर चढून बोलायची सवय झालेला होता. तो मी विसरले होते आणि विसरले आहे हेही विसरले होते. हा अपमान कुणाच्या नावावर लिहू, सांगा.

सिनेमा संपला. पुण्याच्या मुलीनं माइक हातात दिला. तयार भाषण कुठल्या कुठे गेलं होतं. मी म्हटलं, “तुम्ही ज्या आवाजाची नक्कल करता तो माझ्या वडिलांचा नाही. त्यांची मराठी बेंगळुरी होती, म्हणून त्यांना न विचारता, न सांगता दुसऱ्याचा आवाज घातला. त्यांना ते थिएटरात कळलं. मी शेजारी बसले होते. मग त्यांनी स्टेजवर परत कधी तोंड उघडलं नाही.”

हे मी रागानं म्हटलं. राग पोचलाही. हसरे चेहरे एकेक करून मिटले. नागपूरच्या मुलानं मिशी काढून खिशात घातली. मग हळूच म्हणाला, “म्हणजे मॅडम, काकांचा स्वतःचा आवाज कुठंच नाही?”

“आहे,” मी म्हटलं. “आत्ता तुम्ही ज्याच्यावर सरकलात, तो.”

कुणीतरी जाऊन सिनेमा मागे नेला, आवाज वाढवला. लांबचं छत्र, पानं, वाढपी, गलका. ए पुट्टी, स्वल्प सरक की गं. माझं तोंड झाकतंय. आणि सगळे बसून राहिले. कुणी ओरडलं नाही, कुणी सरकलं नाही. माना खाली, हात मांडीवर, शोकसभेला बसल्यासारखे. पुण्याची मुलगी डोळे पुसत होती.

अण्णा, माझं टाळकंच फिरलं. ती शांतता मला चांगली ठाऊक होती. कोट घालून बसलेल्या माणसासमोर एक अख्खं थिएटर तशीच शांतता धरून बसलं होतं. आणि आता, जी पोरं आत्तापर्यंत तुमच्या नुसत्या एका ओरडण्यावर खुर्च्यांवरून पडत होती, त्यांनाही मी गप्प बसवलं होतं. मी माइकमध्ये इतक्या जोरानं ओरडले की तो किंचाळला. “गप्प काय बसलात? मेलाय का कुणी? विनोदी माणूस होता तो! परत लावा! आणि नीट म्हणा. ‘सरक’ नाही, ‘सरऽक’, नाकातून. चिरकं. खर्जात गेलात तर कानाखाली देईन!”

मग तो नागपूरचा मुलगा म्हणाला, “चला बे, उठा!” आणि सिनेमा परत मागे गेला. या खेपेला सगळ्यांनी नाकातून म्हटलं. वाईट म्हटलं. मी परत म्हणायला लावलं. मग परत. प्रत्येक वेळी सगळा हॉल एकेक खुर्ची सरकत होता, हसत, धापा टाकत, आणि मी मास्तरणीसारखी हातवारे करत होते. शेवटी एक मुलगी, मुंबईची होती म्हणे, अशी बरोबर म्हणाली की मी मागे वळून बघितलं.

त्यांना मी सांगितलं की हे उच्चार सुधारण्यासाठी चाललंय. तसं नव्हतं. ते माझं माझ्यासाठी चाललं होतं, आणि एरवी एवढा वेळ मी कुणाचा दुपारचा चहा थंड करत नाही.

आता तुमचं हे वाक्यही टी-शर्टावर येणार, असं ऐकते. यावर मी रागावणार आहे, पण पुढच्या आठवड्यात. हे पत्र काही कुठं टाकायचं नाही. तुमच्या पत्त्यावर एवढं जड पाकीट घेणारी पेटी नाही, आणि असती तरी तुम्ही ‘सरी’ म्हणून बाजूला ठेवलं असतंत. तरी एक सांगून ठेवते.

निघताना सगळे मला रिक्षापर्यंत सोडायला आले. तो नागपूरचा मुलगा खिडकीशी वाकून म्हणाला, “मॅडम, एक राहिलंच. ती लाल रिबिनवाली वेणी, जिला काका ‘सरक’ म्हणाले. आम्ही लय शोधलं तिला. कोण असेल हो?”

बाकीचेही जवळ आले. इतके उत्सुक चेहरे मी माझ्या कुठल्या व्याख्यानाला पाहिलेले नाहीत. तुमचं तोंड त्यांच्याकडे होतंच, तुमचा आवाज मी दिला होता, तो रविवारसुद्धा दिला होता.

मी म्हटलं, “छत्रात पोरं पुष्कळ असायची रे. असेल कुणाची तरी.”